पानाशेजारचा पेला

गेल्या काही वर्षांत मराठी वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत एक नवा उपदेशपर वाङ्मयप्रकार रुजला आहे. पूर्वी त्या जागी पापडाचे पीठ कसे मळावे हे सांगितले जाई. आता कोणत्या पदार्थाबरोबर कोणती वाइन घ्यावी हे सांगितले जाते. मटणाबरोबर लाल, मासळीबरोबर पांढरी, गोडाच्या शेवटी गोड. त्याखाली त्या वाइनचे वर्णन असते, आणि आमचा खरा जीव त्या वर्णनात अडकतो. अमुक वाइनमध्ये ब्लॅकबेरीचा गंध आहे, देवदाराच्या लाकडाची सूचना आहे, जुन्या चामड्याचा आभास आहे, असे लिहिणारा लिहून जातो. लिहिणाऱ्याने ब्लॅकबेरी कधी खाल्ली होती काय, हा प्रश्न आम्ही विचारत नाही. वाचणाऱ्याने ती खाल्लेली नाही, एवढे आम्हांस ठाऊक आहे. ज्या उपमानाचा अनुभव वक्त्यालाही नाही आणि श्रोत्यालाही नाही, असे उपमान कोणत्या काव्यशास्त्रात बसते?

आम्ही डहाणूचे. आमच्या घरी चामड्याचा वास चपलेला येतो. उलट चवीचे शब्द आमच्याकडे कमी नाहीत. तुरट आणि कडसर यांतला भेद, आंबट आणि आंबूस यांतला भेद, उग्र आणि खवट यांतला भेद आमच्या घरातले शाळकरी पोरही जाणते. कच्चा चिकू दातांना धरतो, जिभेवर चीक बसतो, आणि तो आठ दिवस पेंढ्यात राहिला की त्याच तुरटपणाचा गूळ होतो. लाल वाइनमधील ज्या गुणाला परभाषेत ‘टॅनिन’ म्हणतात, त्याची ओळख डहाणूकराला करून द्यायला ‘कच्चा चिकू’ हे दोन शब्द पुरेत. पण ते दोन शब्द कोणी लिहीत नाही, कारण लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर डहाणूकर नसतो. त्याच्यासमोर बोर्दोचा कोणी गृहस्थ असतो आणि आपण त्याच्यापुढे अडाणी ठरू नये, ही चिंता असते.

असो. टीका करण्यापूर्वी स्वतः करून पाहावे, या न्यायाने आम्ही गेल्या हिवाळ्यात काही बाटल्या घरी आणल्या आणि रोजच्या जेवणाबरोबर ठेवल्या. रोजच्या, म्हणजे पाहुण्यांच्या नव्हे. तांदळाची भाकरी, ओल्या बोंबलाचे कालवण, मांदेली तळलेली, सुक्या बोंबलाची चटणी, वालाचे बिरडे, एखाद्या दिवशी नुसती पेज आणि भाजलेली मिरची. आमच्याकडची मिरची सौम्य नाही, हे वाणगाव-चिंचणीकडच्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

नाशिकची शेनिन ब्लांक, चांगली गार केलेली, तळलेल्या मांदेलीबरोबर उत्तम लागली. तिच्यात थोडी गोडी असते आणि थोडा आंबटपणा. तांदळाच्या पिठाचे तेलकट कवच तो आंबटपणा कापतो. बोंबलाच्या कालवणापाशी मात्र ती गडबडली. कालवणात चिंच होती, आणि पानातला आंबटपणा पेल्यातल्या आंबटपणाहून वरचढ झाला की वाइन पाण्यासारखी लागते. हा रसनेचा साधा नियम आहे. चिंच, कोकम, कैरी यांवर ज्यांचे स्वयंपाकघर चालते त्यांना तो सर्वांत आधी सांगायला हवा. तो सांगितलेला आम्ही एकाही पुरवणीत वाचलेला नाही. लाल शिराझ आणि सुक्या बोंबलाची चटणी यांची गाठ तर कोणी वैऱ्यावरही आणू नये. तोंडात गंजका खिळा धरल्यासारखे झाले. जपानी संशोधकांनी २००९ साली याचे कारण दाखवले आहे: लाल वाइनमध्ये लोहाचा जो अंश असतो, त्याची मासळीतल्या स्निग्ध द्रव्यांशी गाठ पडली की तो हिवळ, धातूसारखा वास उठतो. जिथे सुकी मासळी पावसाळ्याचे चार महिने घर चालवते, तिथे याहून उपयुक्त माहिती दुसरी नाही. मिरचीचेही तसेच. मद्यार्क जितका जास्त तितका तिखटाचा जाळ जास्त; गोडी आणि गारवा तो शमवतात. त्यामुळे कडक, कोरडी, महागडी लाल बाटली आमच्या हिरव्या वाटणापुढे निव्वळ आगीत तेल ठरते, आणि थोडी गोडसर, हलकी, स्वस्त बाटली निभावून नेते. वालाच्या बिरड्याबरोबर काहीच शोभले नाही. बिरडे एकटेच पुरेसे आहे.

मग आली चिकूची वाइन. बोर्डीच्या हिल झिल वाइन्सने काही वर्षांपूर्वी चिकूपासून फसफसती वाइन काढली आणि तिला ‘फ्रुझान्ते’ असे इटालियन वळणाचे नाव दिले. नावाबद्दल आमचे मत वाचकांनी ताडले असेलच. पण खटाटोप खोटा नाही. चिकू हे फळ नाशवंत; पिकले की दोन-तीन दिवसांत विकावे लागते, आणि बाजारात माल एकदम आला की भाव बागायतदाराच्या हाती राहत नाही. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याने नाव झाले, फळाचे आयुष्य वाढले नाही. वाइनने ते वाढते. त्यात चिकू हे वाइनला मुळीच सोयीचे फळ नव्हे: गोडी भरपूर, आंबटपणा जवळजवळ नाही, वर गराचा दाटपणा. त्याची निवळ, चढणारी, बुडबुड्यांची वाइन करणे हे कौशल्याचे काम आहे. आम्ही ती गावठी कोंबडीच्या हिरव्या रश्श्याबरोबर घेतली. बुडबुडे आणि गोडी या दोहोंनी तिखट आवरले. शेजारच्या इराणी कुटुंबाकडून आलेल्या धानसाकाबरोबर ती त्याहून बरी लागली, आणि हे योग्यच झाले, कारण घोलवडचा चिकू मुळात इराणी-पारशी बागायतदारांनीच रुजवला. चिकू काही इथला नव्हे. तो मध्य अमेरिकेचा. नाशिकचे वाइनचे द्राक्षही इथले नव्हे. ‘प्रादेशिक वाइन’ या शब्दप्रयोगातला प्रदेश शंभर-सव्वाशे वर्षांचाच असतो, हे सहज नोंदवून ठेवतो.

इथपर्यंत सारे गोड होते. आठवड्यातून दोनदा तलासरीकडून रानभाजी आणि मिरची घेऊन येणाऱ्या एक बाई आहेत. ओट्यावर बाटली आणि शेजारी वाढलेले ताट पाहून त्या थबकल्या. आमच्या आईने त्यांना समजावले की हे फळांचे आहे, जेवताना थोडे घ्यायचे असते, परदेशात तशी रीत आहे. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “जेवतो तो पीत नाय, बाय. पितो तो जेवत नाय.” आणि भाजीचे पैसे मोजून निघून गेल्या.

त्या एका वाक्याने आमच्या आठवड्याच्या प्रयोगाची सारी मांडणी उलटवली. वाइन आणि अन्न यांची सोयरीक जुळवणारे सर्व लेखन एक गोष्ट गृहीत धरते: पिणे हे जेवणाचा भाग आहे. तलासरीच्या पाड्यांत हे गृहीतक खोटे आहे. तिथे पिणे जेवणाआधी संपते, जेवणाचे पैसे घेऊन संपते, आणि पिणारा आडवा झाल्यावर ताट तसेच झाकून राहते. ज्या बाईने हे ताट वर्षानुवर्षे झाकले, तिला ‘पेअरिंग’ शिकवणे हा उद्धटपणा आहे. आम्हांला लाज वाटली, ती अजून पुरती गेलेली नाही.

परंतु हे नेहमी असेच होते काय? तर नव्हते, आणि या लेखाचा मुद्दा असलाच तर तो हा आहे. या पट्ट्यातली सर्वांत जुनी वाइन ताडी. ताडाची आणि शिंदीची. पहाटे उतरवली तर नीरा, गोड. ऊन चढले की हवेतल्या किण्वाने ती फसफसते. दुपारी आंबटगोड, संध्याकाळी आंबट आणि तुरट, दुसऱ्या दिवशी शिरका. तिची गंमत ही की ती साठवता येत नाही. आजची आजच. म्हणून तिचे प्रमाणही झाडाने ठरवलेले असे. ती भाकरीबरोबर, पेजेऐवजी, शेतावरच्या न्याहारीला घेतली जाई. तिच्यात मद्यार्क बिअरइतकाच, आणि शिवाय साखर. उन्हाळ्याच्या अखेरीस कणगी रिकामी होई तेव्हा ताडी आणि मोहाची फुले ही आदिवासीची चैन नव्हती, भूक होती. मोहाची फुले उकडून, भाजून खाल्ली जात; दारू हा त्यांचा एक उपयोग. देवापुढे, लग्नात, मयताला दारूचे थेंब आधी भुईवर शिंपडायचे आणि मग माणसांनी घ्यायचे, हा शिष्टाचारच होता.

ती रीत मोडली कशाने? मुंबई सरकारच्या १८७८ च्या अबकारी कायद्याने. ताडाच्या झाडावर कर बसला, गावोगावच्या भट्ट्या बंद करून दारू मोठ्या ठिकाणी गाळायची आणि मक्तेदाराच्या दुकानातून विकायची, असा बंदोबस्त झाला. मोहाच्या दारूचे मोठे कारखाने उरणला होते आणि दुकाने बहुतेक पारशी मक्तेदारांची. १८९२ च्या मोहा कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले जवळ बाळगण्यावरही निर्बंध आले. म्हणजे रानातून वेचलेले अन्न घरात ठेवणे हा संशयाचा विषय झाला. डेव्हिड हार्डिमन यांनी दक्षिण गुजरातविषयी लिहिलेल्या आपल्या निबंधाला ‘रूढीपासून गुन्ह्यापर्यंत’ अशा अर्थाचे शीर्षक दिले आहे, ते अगदी नेमके आहे. पण आमच्या विषयापुरती त्यात एक भर घालावीशी वाटते. गुन्हा ठरण्याबरोबर आणखी एक घडले: पेला पानाशेजारून उठला. घरच्या झाडाची सौम्य, नाशवंत, जेवणातली ताडी महाग झाली आणि दुकानातली गाळीव, तीव्र, साठवणीची दारू सोपी झाली. दुकानात ताट नसते. दुकानात उभ्याने प्यायचे, उधारीवर प्यायचे, आणि मग घरी जायचे. त्या बाईंच्या वाक्यातील ‘पितो तो जेवत नाय’ हा आदिवासीचा स्वभाव नव्हे. तो महसूल खात्याचा इतिहास आहे.

आदिवासींनी हे मुकाट्याने सोसले, असेही नाही. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावरील मांगेला कोळ्यांत देवीचे वारे उठले. देवी माणसाच्या अंगात येई आणि आज्ञा देई: दारू सोडा, ताडी सोडा, मांसमच्छी सोडा, रोज अंघोळ करा. किनाऱ्यावरून ती रानात गेली आणि थेट सुरत जिल्ह्यात पसरली; तिथे तिने पारशी दारूविक्रेत्यांवर बहिष्कार घालायला सांगितले. हार्डिमन यांचे १९८७ चे पुस्तक तिच्यावरच आहे. पुढे देवीचा भर ओसरल्यावर कित्येक परत प्यायला लागले, कित्येकांनी वर्ज्य ते वर्ज्यच ठेवले, आणि घरांत तट पडले. शहरी वाइनप्रेमींना हे लोक ‘संस्कृती नसलेले’ वाटतात. आमच्या समजुतीप्रमाणे, काय प्यावे आणि काय पिऊ नये, यावर एवढा सामुदायिक विचार डहाणूच्या बंगल्यांत कधी झालेला नाही.

त्यानंतर आली १९४९ ची मुंबई दारूबंदी. तिची मौज तलासरीच्या माणसाला कोणी समजावून सांगावी लागत नाही. १९६० पूर्वी तलासरीचा भाग आणि उंबरगाव एकाच तालुक्यात, एकाच ठाणे जिल्ह्यात होते. राज्ये वेगळी झाली. कायदा दोन्हीकडे तोच राहिला. त्याच कायद्याच्या आधारे इकडे परवाना मिळतो आणि तिकडे तुरुंग. अच्छाडचा नाका ओलांडला की आमची शेनिन ब्लांक मुद्देमाल होते. थोडे पूर्वेला दादरा-नगर हवेलीत शिरले की पुन्हा पेय होते. हिवाळ्यात त्याच महामार्गाच्या कडेला गुजरातच्या बाजूला मडक्यात भाजलेले उंबाडियू मिळते: कंद, पापडी, बटाटे, कोवळ्या पाल्यात कोंडून भाजलेले, हिरव्या चटणीसह. आजवर खाल्लेल्यांत चिकूच्या वाइनला याहून चांगला जोडीदार आम्हांला दिसत नाही, आणि नेमका तोच कायद्याने निषिद्ध आहे. उंबाडियू इकडे आणावे, एवढाच मार्ग उरतो. ते गार होते.

महाराष्ट्रात तरी सरळ आहे काय? २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचे ठरवले. शेतकऱ्याचे हित, असे एका बाजूने म्हटले गेले. ‘मद्यराष्ट्र’, असे दुसऱ्या बाजूने. निर्णय अमलात आला नाही. त्या गदारोळात वाइन म्हणजे दारू की नाही, हा एकच प्रश्न सर्वांनी चघळला. किराणा दुकानात तांदूळ आणि मसाल्याशेजारी बाटली ठेवणे म्हणजे निदान तत्त्वतः ती जेवणाकडे परत आणणे, हे कोणाच्या लक्षात आले नाही. किंवा आले असेल तर बोलून दाखवण्याइतके महत्त्वाचे वाटले नाही. त्याच वर्षी काजूबोंडे आणि मोहाची फुले यांपासून केलेल्या मद्याला ‘देशी’ऐवजी ‘विदेशी मद्य’ हा दर्जा देण्याचे ठरले. वाचकहो, हे वाक्य पुन्हा वाचावे. या मातीतील सर्वांत देशी झाडाच्या फुलाची दारू प्रतिष्ठित व्हायची, तर तिला आधी विदेशी व्हावे लागते. गोव्याने आपल्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळवले आणि २०१६ साली वारसा-पेय म्हटले. मध्य प्रदेशाने २०२१ मध्ये मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ म्हणण्याचे जाहीर केले. आम्ही ‘विदेशी’ हा शब्द पसंत केला. शब्दांवर जगणाऱ्या आमच्यासारख्यांना यावर अधिक भाष्य करण्याची गरज वाटत नाही.

आणि ताडी? वारली चित्रांत ताडावर चढणारा माणूस हमखास असतो. तो आता हॉटेलांच्या भिंतींवर, साड्यांच्या पदरांवर सर्वत्र चढतो. चढून तो काय उतरवतो, ते मात्र त्या हॉटेलांत मिळत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. ताडीचे असे गोडवे गाणे हा बंगल्यातल्या माणसाचा रोमँटिकपणा आहे. आज रस्त्याकडेला मिळणाऱ्या ताडीत क्लोरल हायड्रेटसारखी गुंगीची रसायने मिसळल्याची प्रकरणे महाराष्ट्राला नवी नाहीत. आणि दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरांतील बायका संपूर्ण बंदी मागतात तेव्हा त्यांना ‘जेवणाबरोबर थोडी’ सांगणारे आपण कोण? हे सारे आम्हांला मान्य आहे. बंदी मागणाऱ्या बाईच्या विरोधात आम्ही उभे राहणार नाही. आमचे म्हणणे तिला उद्देशून नाहीच. ते पुरवणीत लिहिणाऱ्याला आणि ती वाचून बाटली आणणाऱ्याला, म्हणजे आम्हांलाच, उद्देशून आहे. बाटली घरात आणायचीच असेल तर ती ताटाच्या अटींवर यावी. ताट बदलून नव्हे. शिराझसाठी चीजचे तुकडे आणि ऑलिव्ह मांडून बसणारा गृहस्थ वाइन जेवणाशी जुळवत नाही. तोही उभ्याने पिणाऱ्यासारखा जेवणाबाहेरच पितो, फक्त त्याच्या हाती काचेचा उंच पेला असतो. बोंबील, वाल, नाचणी, हिरवी मिरची यांच्यापुढे जी टिकेल ती आमची वाइन; जी टिकणार नाही ती कितीही मानांकित असो, ती पाहुणी.

मराठी घराला ही गोष्ट मुळी अपरिचित नव्हतीच, हे सांगितले तर काहींना राग येईल. आजीच्या फडताळातील द्राक्षासवाची बाटली आठवावी. मनुका, गूळ, मसाले आणि धायटीची फुले यांचे आंबवण. धायटीच्या फुलांवरचे किण्व त्याला चढवते आणि त्यात मद्यार्क आपोआप तयार होतो. जेवणानंतर दोन चमचे, समभाग पाण्यातून. सोवळ्यातली आजी ते घेई, आणि कोणाला त्यात काही वावगे वाटत नसे, कारण मात्रा ठरलेली होती, वेळ ठरलेली होती, आणि ताट आधी होऊन गेलेले असे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणी आसव, अरिष्ट, मैरेय, मधु असे भेद करून प्रत्येकाचे घटक सांगितले आहेत. एवढा शब्दसंग्रह असलेल्या परंपरेने आज ‘वाइन’ आणि ‘दारू’ एवढ्या दोनच शब्दांवर भांडावे, हे दारिद्र्य चवीचे आहे की भाषेचे, ते आम्हांला ठरवता येत नाही.

चिकूच्या वाइनची अर्धी बाटली उरली होती. दुसऱ्या दिवशी तिचे बुडबुडे गेले आणि ती नुसती गोड लागू लागली. ती आम्ही भोपळ्याच्या घाऱ्यांबरोबर संपवली, आणि ते वाईट नव्हते. पहिला पाऊस झाला की त्या बाई शेवळे घेऊन येतील. शेवळे खाजतात, त्यांची खाज मोडायला काकडाची आंबट फळे त्यांच्यात घालावी लागतात, आणि त्या आंबटापुढे नाशिकची एकही बाटली उभी राहील असे आम्हांला वाटत नाही. दुपारची, चढलेली, आंबट ताडी कदाचित राहील. पण ती कुठली आणायची, हे त्यांना विचारण्याचे धाडस आम्हांला अजून झालेले नाही.